हेडलीच्या खिडकीतला हिमनग

न्यूफाउंडलंडच्या उत्तर किनाऱ्यावरील हॅग्डन हार्बर या गावी हिमनग पाहण्यास वर्षातील सर्वोत्तम काळ कोणता, असा प्रश्न एखाद्या पाहुण्याने केला, तर तेथील शेंबडे पोरही सांगेल की, मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत. त्याआधी यावे तर हिमनग सपाट बर्फात अडकून दूरवर उभे असतात. त्यानंतर यावे तर ते झिजून दक्षिणेस निघून गेलेले असतात. ही माहिती निर्विवाद आहे. सेल्बी ब्रिन्सन यांनाही ती पूर्णपणे मान्य होती. तथापि हा प्रश्न कानी पडताच त्यांच्या मुखावर दाढदुखीची कळा येत असे. कारण नेमक्या याच सर्वोत्तम काळात त्यांची पत्नी मेल्व्हिना ही रोज दुपारी विणकामाची पिशवी आणि फडक्यात गुंडाळलेले मनुक्यांचे पाव घेऊन हेडली पार्डी नामक विधुराच्या स्वयंपाकघरात जाऊन बसत असे.

यात वावगे काही नव्हते, हे येथेच नमूद केलेले बरे. हेडलीचे घर बंदराच्या तोंडाशी, अगदी टोकावर होते. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खुला समुद्र दिसे, आणि उत्तरेकडून येणारा प्रत्येक हिमनग जणू त्या खिडकीला भेट दिल्याशिवाय पुढे जायचे नाही असा पण करूनच निघालेला असे. उलट सेल्बींचे घर बंदराच्या आतल्या वळणात, टेकडीच्या मागे. त्यांच्या खिडकीतून सरकारी धक्का, चर्चची मागची बाजू आणि हेडलीचे धुराडे, एवढेच दिसे. धुराड्यातून धूर निघू लागला की सेल्बी समजत, चहा ठेवला वाटते.

"अगं, हिमनग रस्त्यावरूनही दिसतो," ते म्हणत.

"रस्त्यावर वारा असतो," मेल्व्हिना म्हणे.

"मग मी मोटार घेऊन येतो. मोटारीत बसून बघू. मी तुला सगळं समजावून सांगेन."

"नको. तू कशाला त्रास घेतोस?" असे म्हणून ती निघून जाई.

सेल्बींनी आपली सारी हयात फेरीबोटीच्या तिकीटघरात, एका छोट्या खिडकीमागे काढली होती. त्यामुळे खिडकी या विषयावर आपला काही अधिकार आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. खिडकीतून माणसे किती सहज हसतात, किती सहज रेंगाळतात, हे त्यांनी पाहिलेले होते. म्हणूनच त्या वर्षी एप्रिल महिन्यात चर्चच्या सभागृहाची दुरुस्ती निघाली आणि तिथली जुनी खिडकी कोणाला हवी आहे का, अशी विचारणा झाली, तेव्हा "मला!" हा उद्गार त्यांच्या मुखातून इतक्या जोराने निघाला की प्रार्थनेला बसलेल्या दोघी वृद्ध स्त्रियांना तो ईश्वरी साक्षात्कार वाटला.

खिडकी घरी आणल्यावर असे आढळून आले की ती सेल्बींच्या कोणत्याही भिंतीपेक्षा मोठी आहे.

ती अंगणात उभी करून ठेवल्याबरोबर गावातील अनुभवी मंडळी सल्ला देण्यास जमली. त्यांत अग्रभागी एनोस काका होते. एनोस काका हे कोणाचेही सख्खे काका नव्हते. परंतु गावात ज्याच्या दाढीला पांढरा रंग चढला तो सर्वांचा काका, असा तिथला शिरस्ता आहे. त्यांनी खिडकीला प्रदक्षिणा घातली, काचेवर टिचकी मारली आणि विचारले, "लेका सेल्बी, ही लावणार कुठं?"

"घराला."

"मग घर आणलंयस का दुसरं?"

मंडळी हसली. सेल्बींनी मात्र हा उपहास मनाला लावून घेतला आणि त्याच क्षणी त्यांच्या अंतःकरणात एका नव्या विचाराचा उदय झाला. खिडकीला भिंत पुरत नसेल, तर खिडकीभोवती भिंत बांधावी. भिंती चार झाल्या की खोली होते. आणि खोली झाली तर ती या खड्ड्यात कशाला, टेकडीच्या माथ्यावरच असावी, जिथून समुद्र दिसेल आणि हेडली दिसणार नाही. विचार हा असा असतो. तो खिडकीतून शिरतो आणि घरभर फिरतो.

खोली उभी राहिली. अर्थात ती अंगणातच उभी राहिली, कारण माथ्यावर लाकूड वाहून नेण्यापेक्षा तयार खोली ओढून नेणे सोपे, असे सर्वांचे मत पडले. या किनाऱ्यावर घरे ओढून नेणे ही काही अपूर्व गोष्ट नव्हे. लोकांनी दुमजली घरे चुलीसकट बर्फावरून पलीकडच्या किनाऱ्याला नेलेली आहेत, आणि आतल्या कपबशा जागच्या हलल्या नाहीत असे त्यांच्या वंशजांकडून सांगण्यात येते. प्रश्न उरला तो परवानगीचा. नगरसभेच्या कचेरीत ग्रेटा बुडन बाई बसत. त्यांनी सेल्बींचे संपूर्ण निवेदन, ग्रीनलंडच्या हिमनद्यांपासून ते पत्नीच्या गुडघेदुखीपर्यंत, शांतपणे ऐकून घेतले.

"टेकडीच्या माथ्यावर बांधकाम म्हणजे सभेची मंजुरी लागेल, सेल्बी."

"मग घ्या सभा."

"सभासद सगळे खेकड्यांच्या मोसमात समुद्रावर आहेत. ते येणार जूनच्या अखेरीला."

"तोवर हिमनग जातील की हो!"

"मग त्यांना थांबायला सांग," ग्रेटाबाई चष्मा पुसत म्हणाल्या. मग सेल्बींचा पडलेला चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. "हे बघ, पाया असेल तरच ते बांधकाम. पाया नसेल, खाली ओंडके असतील आणि ते ओढता येत असेल, तर ती घसरगाडी. घसरगाडीला आमची परवानगी लागत नाही. कुठंही ठेव."

सेल्बी कचेरीतून बाहेर पडले ते विजयी मुद्रेने. खोलीच्या तळाशी दोन लांब ओंडके बसवण्यात आले. त्यांची टोके तासून होडीच्या नाकासारखी वर वळवण्यात आली. एनोस काकांनी सुचवले की ओंडक्यांना जरा चरबी चोपड, म्हणजे सुळकन सरकेल. सेल्बींनी जरा चोपडली नाही, भरपूर चोपडली. ही नोंद पुढील घटनांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

मेल्व्हिनाने यावर एकच अभिप्राय दिला. "एवढं सगळं कशासाठी?"

"तुझ्यासाठी!" सेल्बी म्हणाले. "तुला परक्याच्या घरी बसावं लागू नये म्हणून."

"पण मला तिथं बरं वाटतं."

हे वाक्य सेल्बींनी त्या रात्री उशीखाली घेऊन झोपण्याचा यत्न केला, आणि ते त्यांना पहाटेपर्यंत टोचत राहिले. बरं वाटतं! हेडलीत असे बरे वाटण्यासारखे होते तरी काय? तो बोलत नसे. सभागृहातल्या समारंभात तो दारापाशी उभा राही आणि कोणी नाव विचारले तर आधी लाजून मग सांगे. पण असे न बोलणारे पुरुषच घातकी असतात, असा निष्कर्ष सेल्बींनी काढला. बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काही राहत नाही. न बोलणाऱ्याच्या पोटात काय काय साठले असेल याचा हिशेब कोण ठेवतो?

मे महिन्याच्या अखेरच्या शनिवारी, उत्तम हवा पाहून, अवघे गाव ओढीसाठी जमले. आदल्याच दिवशी एक भव्य हिमनग टोकासमोर येऊन उथळ पाण्यात टेकला होता; त्याची एक बाजू निळसर, दुसरी साखरेच्या ढेपेसारखी पांढरी. अर्थातच तो हेडलीच्या खिडकीसमोर टेकला होता. दोर बांधले गेले. स्त्री, पुरुष, म्हातारे, झाडून सारे दोरांना लागले. मेल्व्हिनाही स्कर्ट खोचून, बाह्या सारून पुढच्या दोराला उभी राहिली. घरी सूप उकळत होते. कारण ओढीनंतर साऱ्या गावाला वाटाण्याचे घट्ट सूप घालणे हा यजमानाचा धर्म आहे.

येथे एक अडचण उद्भवली. घर ओढायचे तर कोणीतरी ओढीचे गाणे म्हणावे लागते. एकाने ओळ म्हणायची आणि तिच्या शेवटच्या शब्दावर सर्वांनी मिळून जोर लावायचा. हा ताल नसेल तर शंभर माणसे म्हणजे शंभर वेगवेगळ्या दिशा. पूर्वी हे काम एनोस काका करीत. परंतु त्यांचा आवाज आता फुटक्या किटलीसारखा झाला होता.

"हेडलीला बोलवा," ते म्हणाले. "त्याच्या बापाचा गळा आहे त्याच्याकडं."

"गरज नाही," सेल्बी म्हणाले. "खोली माझी आहे. गाणंही मीच म्हणेन."

आणि त्यांनी म्हटले. प्रथम त्यांनी ओढीच्या गाण्याचे महत्त्व चार शब्दांत विशद केले. नंतर दोर कसा धरावा हे सांगितले. मग गाणे सुरू केले. परंतु ओळीच्या मधेच त्यांना एक सूचना आठवली, ती त्यांनी दिली, आणि अर्ध्या गावाने ती सूचना संपताच जोर लावला तर उरलेले अर्धे मूळ ओळीच्या शेवटाची वाट पाहत उभे राहिले. खोली जागीच डुलली, कण्हली आणि पुन्हा बसली.

"अरे बाबा, तू गातोयस का बातम्या देतोयस?" दोराच्या मागच्या टोकाकडून कोणीतरी ओरडले.

"सेल्बी," मेल्व्हिना दोर धरूनच म्हणाली, "हेडलीला बोलव. हात दुखायला लागले सगळ्यांचे."

साऱ्या गावादेखत, पत्नीच्या तोंडून, तेच नाव! सेल्बींनी तो घोट गिळला. हेडली कुंपणापाशी उभाच होता. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, कोणाकडेही पाहिले नाही, डोळे मिटले आणि तोंड उघडले. तो आवाज समुद्राच्या तळातून आल्यासारखा खोल, भरदार निघाला. पहिल्या ओळीच्या शेवटाला शंभर पाठी एकदम वाकल्या आणि खोली हातभर पुढे सरकली. दुसऱ्या ओळीला ती अंगणाबाहेर. सेल्बींनी पाहिले तो मेल्व्हिनाचे गाल लाल झालेले, केस सुटलेले, आणि प्रत्येक ओळीच्या अखेरीस ती बाकीच्यांबरोबर असा काही हुंकार देत होती की तसा हुंकार सेल्बींच्या एकाही भाषणाला तिने आजवर दिला नव्हता.

खोली टेकडी चढली. माथ्यावर पोहोचताच हेडलीने गाणे थांबवले आणि हात वर केला. "थांबा! बास!"

सेल्बी धावत पुढे गेले. खिडकीपाशी उभे राहून त्यांनी दृश्य न्याहाळले. समुद्र दिसत होता. हिमनग दिसत होता. आणि त्या दोहोंच्या मधे, अगदी स्पष्ट, हेडलीचे धुराडे दिसत होते.

"आणखी पुढे!" सेल्बी गरजले.

"नको, पुढं उतार आहे," हेडली हळूच म्हणाला. "शेवाळ ओलं आहे."

"कुठं थांबायचं ते मी ठरवणार! ओढा!"

लोकांनी ओढले. एकदाच ओढले. तेवढे पुरले. खोलीने माथ्यावर क्षणभर विचार केला, नाक खाली केले आणि त्या चरबी लावलेल्या ओंडक्यांवरून हॅग्डन हार्बरच्या इतिहासात कोणतेही घर गेले नसेल इतक्या वेगाने ती उताराला लागली. लोकांनी दोर सोडून बाजूला उड्या टाकल्या. एकट्या सेल्बींनी हाती घेतलेला मागचा दोर सोडला नाही. स्वाभिमानामुळे नव्हे, तर तो त्यांच्या मनगटाला गुंडाळलेला होता. झुडपांतून, दलदलीतून ते खोलीच्या मागोमाग प्रथम धावत, मग उड्या मारीत आणि शेवटी बसून गेले. वाटेत दोर सुटला व ते एका डबक्यात स्थिरावले. खोली मात्र पुढे गेली. तिने हेडलीचे कुंपण मोडले, त्याच्या बटाट्याच्या वाफ्यांतून नांगरणी केली. एका खांबाला अडखळून ती जराशी वळली, घराच्या कोपऱ्याला वळसा घालून पुढे आली आणि अंगणातल्या दगडी बांधाला टेकून अलगद उभी राहिली.

सारे गाव खाली धावले. खिडकीची काच शाबूत होती. खिडकीचे तोंड बरोबर समुद्राकडे, हिमनगाकडे होते. आणि खोलीची पाठ, बिनरंगाच्या फळ्यांची, हेडलीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर होती.

एनोस काका म्हणाले, "लेका, नेम धरून मारली असतीस तरी लागली नसती."

चिखलाने माखलेले सेल्बी लंगडत आले. क्षमा मागण्यासाठी त्यांनी तोंड उघडले होते. परंतु ते दृश्य पाहताच ती क्षमा घशातच विरघळली आणि त्यांच्या छातीत एक अयोग्य, अशोभनीय, परंतु अत्यंत मधुर आनंद पसरला. हेडलीच्या खिडकीतून आता हिमनग दिसणार नव्हता!

"सोमवारी हलवू," ते औपचारिकपणे म्हणाले. "उद्या रविवार. रविवारी घर ओढायचं नसतं."

"असू दे," हेडली जमिनीकडे पाहत म्हणाला. "काही घाई नाही." आणि तो मोडलेल्या कुंपणाच्या काठ्या गोळा करू लागला.

रविवारी जेवणे उरकल्यावर मेल्व्हिनाने विणकामाची पिशवी घेतली, तसे सेल्बी दोन खुर्च्या, थर्मास आणि रुबाब घेऊन तिच्यापुढे निघाले. खोलीत त्यांनी तिला खिडकीसमोर बसवले. ऊन पडले होते. हिमनगाच्या अंगावरून बारीक झरे वाहत होते आणि त्याच्या पायाशी पाणी हिरवेगार चमकत होते. सेल्बींचे हृदय भरून आले, आणि ते भरून आले की काय होते हे सर्वश्रुत आहे.

"आता बघ," त्यांनी प्रारंभ केला. "हा जो दिसतोय तो फक्त वरचा भाग. खरा ऐवज पाण्याखाली. ग्रीनलंडहून निघायला याला... ती निळी रेघ दिसली? ती का पडते सांगतो. आणि हा टेकलाय का, तर इथं तळ उथळ आहे. भरतीला तो जरा उचलला जाईल, मग बघ कसा कलतो. माझ्या मते डावीकडं कलेल. तुझं काय मत आहे? डावीकडंच कलेल. आता पांढरा रंग घे..."

मेल्व्हिनाने विणकाम गुंडाळले आणि ती उठली.

"कुठं निघालीस?"

"हेडलीकडं."

"हेडलीकडं? अगं, तिथून आता काय दिसणार? माझ्या फळ्या दिसतात तिथून!"

"माहीत आहे. फळ्या बघेन."

सेल्बींचा आवाज इतका बारीक झाला की त्यांनाच तो ओळखू आला नाही. "मेल्व्हिना, एवढं सांग. त्याच्यात असं काय आहे?"

"कोणाच्यात?"

"हेडलीच्यात!"

ती आधी चकित झाली, मग हसायला लागली, आणि हसता हसता पुन्हा खुर्चीत बसली. "अरे देवा! तुला काय वाटलं? मी गेले की तो चहा ठेवतो, टोपी घालतो आणि खाली त्याच्या स्वतःच्या धक्क्यावर निघून जातो. मी घरी परत येईपर्यंत येत नाही. इतक्या वर्षांत आम्ही चार वाक्यं बोललो नसू."

"मग तू जातेस कशाला?"

"म्हणूनच जाते." तिने खिडकीबाहेर पाहिले. "वर्षभर मी ऐकते, सेल्बी. ऐकते की नाही? पण हिमनग मला बघायचा असतो. ऐकायचा नसतो."

सेल्बींनी तोंड उघडले. या विधानाला त्यांच्याकडे किमान तीन उत्तरे तयार होती. परंतु तिने आपली नजर समुद्राकडे वळवली होती, आणि त्या नजरेत असे काही होते की त्यांना एकाएकी उमगले, आपला खरा प्रतिस्पर्धी कोण आहे ते. तो पांढरा होता, अवाढव्य होता, त्याचा बहुतांश पाण्याखाली होता आणि तो पंधरवड्यात वितळणार होता. त्याच्याशी भांडून उपयोग नव्हता. त्यांनी तिच्या कपात चहा ओतला, डब्यातले दूध घातले, एकही शब्द न उच्चारता टोपी घातली आणि ते बाहेर पडले.

खाली हेडलीच्या छोट्या धक्क्यावरच्या शेडमध्ये, समुद्राकडे पाठ असलेल्या बाकावर, हेडली जाळे सांधत बसला होता. सेल्बी त्याच्याशेजारी बसले. तिथे ओल होती आणि फटींतून वारा येत होता.

"तू दरवर्षी इथंच बसतोस?"

"हो."

"थंडी वाजत नाही?"

"वाजते," हेडली म्हणाला. जाळ्याच्या दोन गाठी मारून झाल्यावर तो पुन्हा बोलला. "बाईमाणसापुढं मला काय बोलावं सुचत नाही, सेल्बी. ती चांगली आहे. पाव आणते. पण इतक्या वर्षांत जून महिन्यात मी दुपारचा माझ्या घरात बसलो नाही. हिमनगसुद्धा नीट बघितला नाही." त्याने घसा साफ केला. "तुझी खोली सोमवारी हलवू नकोस. राहू दे तिथंच. म्हणजे ती तिकडं बसेल, आणि मला आत जाता येईल."

"पण तुझ्या खिडकीतून फळ्या दिसतील."

"चालेल. चूल तर आत आहे."

ज्या माणसाचा सेल्बींनी इतकी वर्षे हेवा केला होता, त्याच्या नाकाच्या शेंड्यावर थेंब लोंबत होता. सेल्बींना वाटले, आता हेवा करावा तरी कोणाचा? अशी पोकळी त्यांच्या जीवनात पूर्वी कधी निर्माण झाली नव्हती.

तेवढ्यात मोठा गडगडाट झाला. शेडच्या फळ्या थरथरल्या, टांगलेली जाळी हलली, बाकाखाली पाणी उसळले. दोघेही एकमेकांना ढकलत दाराबाहेर धावले. परंतु शेडला वळसा घालून समुद्र दिसेपर्यंत सारे आटोपले होते. हिमनग उलटला होता. जिथे कडे होते तिथे आता काचेसारखी गुळगुळीत निळी पाठ होती. भोवती फेस आणि बर्फाचे तुकडे नाचत होते. अवघ्या हॅग्डन हार्बरमध्ये हे घडताना पाहणारी एकच व्यक्ती होती, आणि ती खिडकीत उभी होती.

दोघे धापा टाकत चढ चढून खोलीच्या दाराशी आले. मेल्व्हिनाचे डोळे चमकत होते. चहाचा कप तिच्या हातात वाकडा झाला होता आणि चहा पायमोज्यावर सांडला होता, हे तिच्या गावीही नव्हते.

"बघितलंत?" तिने विचारले.

"नाही," दोघे म्हणाले.

"नाही? अरे, काय होतं ते!" आणि मेल्व्हिना बोलू लागली. प्रथम कसा एक बारीक आवाज आला, चुलीत ओले लाकूड तडकावे तसा. मग सगळे पक्षी एकदम कसे उडाले. मग तो कसा हळूच उजवीकडे कलला...

उजवीकडे! सेल्बींच्या ओठांवर शब्द आले. हेडलीने आपला जड बूट त्यांच्या पायावर ठेवला. शब्द परत गेले.

"...आणि मग थांबला. एकदम थांबला. जसं काही त्याला कोणी हाक मारली," मेल्व्हिना म्हणाली आणि श्वास घेण्यासाठी थांबली.

"मग?" हेडली म्हणाला.

तो चक्क बोलला होता, आणि तेही बाईमाणसापुढे. मेल्व्हिनाने वळून त्याच्याकडे पाहिले आणि ती प्रसन्न हसली. सेल्बी ब्रिन्सन यांच्या छातीत ती जुनी, ओळखीची कळ पुन्हा एकदा उठली. त्यांनी हेडलीला कोपराने मागे सारले, टोपी काढून हातात घेतली, आणि त्याच्यापेक्षा मोठ्या, अधिक स्पष्ट आवाजात ते म्हणाले, "मग? मग पुढं काय झालं?"